विचारा की! : गोधडी कधी उलटी करून बघितलीय?

मागच्या महिन्यात इथे प्रदर्शनातून काय घ्यावं यावर एका वाचकाला उत्तर देताना मी हाताने शिवलेल्या गोधडीबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या आणि मेलबॉक्स भरून गेला बघा. कोणाच्या आईच्या लुगड्याची गोधडी, कोणाच्या आजीची वाकळ, दुपटी, ग्रीटिंग कार्डं, एका काकांनी तर चक्क जुन्या बटव्याचा फोटो पाठवलाय (काका, बटवा एक नंबर, पण प्रश्न काय होता ते लिहायचं राहिलं तुमचं). सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही, म्हणून परत परत आलेले प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, आमच्या इथे बचत गटाच्या प्रदर्शनात हाताने शिवलेली सिंगल बेडची गोधडी होती, किंमत ३,२०० रुपये. मिस्टर म्हणाले ऑनलाइन ७९९ ला रजई मिळते, आणि ही तर जुन्या साड्यांची आहे, वेडी आहेस का. मला फार आवडली होती पण गप्प बसले. खरंच एवढी किंमत असते का हो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मिस्टरांना जरा कागद-पेन घेऊन बसवा. भांडण नको, हिशोबच करू. सिंगल बेडची गोधडी म्हणजे धरा ५ बाय ७ फूट. धावदोऱ्याच्या ओळी एकेक इंचावर धरल्या तर रुंदीत ६० ओळी, प्रत्येक ओळ ७ फुटांची, झाले ४२० फूट. काही बायका सरळ ओळी न घालता कडेपासून सुरू करून गोल गोल आत येत जातात, पण लांबी साधारण तेवढीच भरते. इंचाला चार टाके धरले तरी वीस हजाराच्या वर टाके होतात. वीस हजार! हात बसलेली बाई मिनिटाला पंधरा टाके घालते असं समजा, मध्ये दोरा ओवणं, सरकून बसणं, कंबर सरळ करणं यातलं काहीच धरू नका, तरी बावीस तास नुसती शिवण झाली. त्याच्या आधी साड्या धुवायच्या, विरलेला भाग काढून टाकायचा, ठिगळं कापायची, वरचा थर जोडायचा, सगळे थर अंथरून कच्चा दोरा घालायचा, हे वेगळे आठेक तास. म्हणजे तीस. घरचं सगळं आवरून बाई दिवसाला सहा तास बसली तर पाच दिवस. पाच दिवसांची हजेरी ५०० रुपयांनी लावा, २,५०० झाले. उरलेल्या ७०० मध्ये दोरा, खालच्या थराचं कापड, स्टॉलचं भाडं आणि गावाहून माल आणायचा टेम्पो. सांगा आता, महाग कुठे आहे? मला तर त्या बाईंनी स्वतःचा नफा धरलाय की नाही हीच शंका येतेय.

पण नुसत्या तासांवरही जाऊ नका, तास काय कोणीही घालवेल. खरी गंमत आहे ती थर एकमेकांवर नीट बसवण्यात. चार-पाच थर असतात, प्रत्येक साडी वेगळी धुतली गेलेली, एक जास्त मऊ, एक जरा ताठ, एक तिरकी ताणली की लांबते, आणि हे सगळं जमिनीवर अंथरून कोपऱ्यांवर दगड ठेवून शिवायचं, आणि खालची बाजू तर दिसतच नाही. डावा हात खाली असतो आणि सुईचं टोक बोटाला लागलं की कळतं सगळे थर घेतले गेले, मग तिथूनच सुई वर वळवायची. खालचा एखादा थर सरकला तर तिथे चुणी पडते, आणि ती चुणी झोपल्यावर पाठीला कळते बरं का. म्हणून मी सांगते की गोधडी बघायची तर आधी उलटी करा. वरची बाजू रंगामुळे छानच दिसते, कोणाचीही. उलट्या बाजूला चुणी नाही, ओळी तेवढ्याच सरळ, टाका तेवढाच, तर ती बाई उस्ताद आहे. मग तिला तोंडावर सांगा, "मागची बाजू काय सुंदर बसवलीय हो". "छान आहे" असं दिवसभरात शंभर लोक म्हणून न घेता पुढे जातात, मागची बाजू बघणारं गिऱ्हाईक आलं की तिला लगेच समजतं की याला कळतंय.

आणि जुन्या साड्यांचं म्हणाल तर जुन्या म्हणूनच चांगल्या! सुती साडी शंभरदा धुतली गेली की आटायची तेवढी आटलेली असते, रंग जायचा तेवढा गेलेला असतो, कापड मऊ पडलेलं असतं. नवं कोरं कापड मध्ये घातलं तर पहिल्या धुण्यात तेच आटतं आणि आजूबाजूचं सगळं ओढून घेतं. उलट हल्ली पॉलिस्टरच्या साड्या घालून ज्या गोधड्या शिवतात ना, त्या मी तरी घेणार नाही, घाम शोषत नाहीत आणि थर सुळसुळ सरकतात. तेव्हा किंमत विचारायच्या आधी आत काय आहे ते विचारा. सुती असेल तर ३,२०० द्या आणि घासाघीस करू नका. तुमच्याकडे एवढे पैसे नसतील तर नसतील, त्यात काही वाईट नाही, तसं सांगा आणि दुपटं घ्या. पण "जुन्या साड्यांचीच तर आहे" हे वाक्य स्टॉलसमोर उभं राहून म्हणू नका प्लीज.

प्रश्न : हाताची म्हणून मशीनची गोधडी गळ्यात मारतात, ओळखायचं कसं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सोपं आहे. आपल्या शिलाई मशीनची शिवण दोन दोऱ्यांची असते, दोन्ही बाजूंना सलग रेघ दिसते, मध्ये गॅप नाही. हाताचा धावदोरा म्हणजे टाका-गॅप, टाका-गॅप, आणि वर जिथे गॅप तिथे खाली टाका. आता हाताच्या टाक्यासारखी शिवण घालणारी मशीनंही निघालीत, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. मग दोरा कुठे संपतो ते शोधा. हाताने शिवताना एका वेळी हातभर-दोन हात दोरा ओवतात, त्याहून लांब घेतला तर गुंता होतो, म्हणजे ओळीत थोड्या थोड्या अंतरावर दोरा संपून नवा सुरू झालेला असणारच. चांगली बाई ती गाठ थरांच्या आत लपवते, पण बोटाने चाचपलं की लागते. फुटामागून फूट एकही जोड सापडला नाही तर समजून जा.

एक मात्र लक्षात घ्या, वाकडंतिकडं म्हणजे हाताचं असा जो समज पसरलाय तो साफ चूक आहे. हल्ली काही दुकानांत मुद्दाम वेडीवाकडी शिवण घालून "हॅण्डमेड लूक" म्हणून विकतात. हात ज्याचा बसलेला आहे त्याची ओळ पट्टी लावल्यासारखी सरळ जाते, पट्टी न लावता.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. इथे क्विल्टिंगचे क्लब आहेत, प्रदर्शनं होतात, म्युझियममध्ये क्विल्ट भिंतीवर लावतात. माझ्या आजीची गोधडी मी मैत्रिणींना दाखवली तर त्या वेड्याच झाल्या. आपल्याकडे याचं कौतुक का नाही? आणि आपली गोधडी त्यांच्या क्विल्टच्या तोडीची आहे का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तोडीची वगैरे सोड, वेगळी आहे. तुमच्याकडच्या क्विल्टमध्ये साधारण तीन थर असतात ना, वर जोडकाम, मध्ये कापसाची गादी, खाली अस्तर. आपल्या गोधडीत ती मधली गादी नसते, साडीवर साडी, ऊब थरांतूनच येते, त्यामुळे ती पातळ राहते आणि आपल्या हवेला बरी पडते.

आणि अमेरिकेतही कौतुक काही पहिल्यापासून नव्हतं हं. अलाबामात गीज बेंड नावाची वस्ती आहे, अलाबामा नदीच्या वळणात, तिथे पूर्वी कापसाचा मळा होता आणि त्या मळ्यावर राबणाऱ्या गुलामांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या फाटक्या पॅन्टींची, जुन्या कपड्यांची क्विल्टं शिवत होत्या, थंडी भागवायला, दुसरं काही नाही. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन लागलं, मग ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये गेलं आणि तिथल्या मोठमोठ्या समीक्षकांना एकदम त्यात आधुनिक चित्रकला दिसायला लागली. २००६ मध्ये तर अमेरिकेच्या पोस्टाने त्यांची तिकिटं काढली. क्विल्ट तीच, बाई तीच, फक्त भिंतीवर गेली.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर उत्तर कन्नडा जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळ-मुंडगोडच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, त्यातले बरेच पोर्तुगीजांच्या गोव्यातून आत जंगलाकडे आलेले, आणि घरात कोकणीच्याच वळणाचं बोलतात. त्यांच्या बायकांची गोधडी म्हणजे कवंदी. ती शिवायची पद्धत बघण्यासारखी आहे, आपण आधी वरचा थर जोडून मग सगळे थर शिवतो, त्या तसं करत नाहीत. खाली साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून ठिगळं ठेवायला सुरुवात आणि ठिगळ लावत लावत त्याच दोऱ्याने सगळे थर शिवत कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचं. म्हणजे डिझाइन कागदावर कुठेच नाही, पुढचं ठिगळ कोणतं ते हातातलं ठिगळ शिवता शिवता ठरतं. आणि शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घातलेली त्रिकोणी फुलं लावायची, त्याला फुला म्हणतात, ती नसली तर गोधडी उघडी राहिली असं त्या मानतात.

कौतुक का नाही, तर माझं स्पष्ट मत सांगते. आपल्याकडे गोधडी कोणी शिवली हे घरातल्यांना माहीत असतं म्हणून कोणी कुठे लिहून ठेवत नाही, आणि दोन पिढ्यांनी ती "जुनी गोधडी" होऊन जाते. गीज बेंडच्या प्रदर्शनात प्रत्येक क्विल्टखाली शिवणाऱ्या बाईचं नाव होतं. तुझी आजी असेल-नसेल मला माहीत नाही, पण कुठलं ठिगळ कोणाच्या साडीचं हे सांगू शकणारं माणूस अजून घरात असेल तर या दिवाळीला भारतात आलीस की फोनवर रेकॉर्ड कर आणि नाव, गाव, साल एका पांढऱ्या पट्टीवर लिहून गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात शिवून टाक. तुमच्याकडे क्विल्टला असं लेबल लावतातच, विचार त्या मैत्रिणींना.

प्रश्न : सुनेला बाळ झालं म्हणून मी दोन महिने बसून दुपटं शिवलं. माझं वय ६८, डोळ्याला त्रास होतो तरी शिवलं. तिने ते घडी घालून कपाटात ठेवलंय आणि बाळाला विकतच्या गुळगुळीत ब्लँकेटात गुंडाळते. मन फार दुखलं. बोलू का नको?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, बोला, पण तक्रार म्हणून नको. माझा अंदाज असा आहे की तिला ते इतकं आवडलंय की खराब होईल म्हणून भीती वाटतेय. आजकालच्या मुली असंच करतात, हाताचं काही आलं की "नको बाई, जपून ठेवू". त्यांना कोणीतरी सांगायला हवं की दुपटं हे शू करायलाच असतं. तुम्हीच सांगा, हसत सांगा, "अगं बिनधास्त वापर, धुऊन धुऊन मऊ होतं ते, मी आहे ना दुसरं शिवायला."

आणि तिला जवळ बसवून दाखवा तुम्ही काय काय केलंय ते. तुम्ही पत्रात लिहिलंय की गाठी सगळ्या आत घेतल्या, बाळाला टोचू नये म्हणून, आणि वर-खाली धोतराचं कापड लावलं. हे तिला कुठून कळणार हो? वरून बघितलं तर दुपटंच दिसतं. तिचं बोट धरून काठावरून फिरवा, एकही गाठ लागत नाही हे तिचं तिला समजू दे. मुलाचं कापड शिवताना काय काय डोक्यात ठेवावं लागतं हे आपण बायका कधी बोलूनच दाखवत नाही आणि मग कोणाला किंमत कळत नाही म्हणून रुसतो. यात तुम्हाला बोल लावत नाहीये हं, आमच्या घरीही हेच चालतं. एवढं करूनही तिने नाहीच वापरलं तर मग सोडून द्या, आई ती आहे.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, हाताने ग्रीटिंग कार्ड बनवते. क्विलिंग, पॉप-अप, वॉटरकलर सगळं. १५० रुपये सांगितले की लोक म्हणतात दुकानात ४० ला मिळतं. नातेवाईक तर फुकटच मागतात, "तुझा टाइमपासच तर आहे, माझ्या भाचीसाठी पण एक कर ना". चिडचिड होते. काय बोलू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुझं पत्र आधी मी आमच्या ऑफिसमधल्या सगळ्यांना वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी एकसुरात सांगितलं, फुकट देऊ नकोस. पण ते सोपं उत्तर झालं. लोक फुकट मागतात कारण कार्ड छोटं असतं आणि कागदाचं असतं. कागद म्हणजे स्वस्त, छोटं म्हणजे पटकन झालेलं, असं डोक्यात बसलंय. त्यांनी एकदा करून बघावं.

वाचकांसाठी सांगते, कार्ड नुसतं दुमडायचं म्हटलं तरी कागदाला धार असते, कारखान्यातल्या कागदात तंतू एका दिशेला झोपलेले असतात, त्या दिशेने दुमडलं तर घडी सुरेख पडते आणि आडवं दुमडलं तर जाड कार्डपेपर घडीवर तडकतो. हे पोरीला माहीत असतं, ती कागद दोन्हीकडून हलकासा वाकवून बघते, जिकडे सहज वाकतो ती दिशा धरते, मग पट्टी लावून संपलेल्या रिफीलने रेघ ओढून कागद दाबते आणि मगच दुमडते. क्विलिंगला तीन-पाच मिलिमीटरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, फेविकॉलचा थेंब टाचणीच्या टोकाएवढाच, जास्त झाला की त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि कार्ड वाकडं होतं. पॉप-अपमध्ये तर अजून वैताग, उघडलं की उभं राहिलं पाहिजे आणि मिटलं की कुठूनही बाहेर डोकावता कामा नये, म्हणजे घडीपासूनचं अंतर आणि कोन दोन्ही जुळवायचे, आधी रफ कागदावर करून बघायचं, फाडायचं, परत करायचं. विकतचं कार्ड छापताना हे डोकं एकदा चालवलं की हजारो प्रती निघतात. तुझ्या कार्डात प्रत्येक वेळी हात तुझाच.

तुला दोन गोष्टी सुचवते. एक, हातकागदावर काम करून बघ. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, तिथे सुती कापडाच्या कात्रणांचा लगदा करून कागद करतात. या कागदात तंतू सगळ्या दिशांना पडलेले असल्यामुळे तो धारेची कटकट फारशी करत नाही, कडा तशाच खरबरीत ठेवल्या तर कार्डाला रूप येतं, आणि मुख्य म्हणजे हातात घेतलं की माणसाला लगेच वेगळं लागतं. मात्र वॉटरकलर आधी कोपऱ्यात लावून बघ, काही कागद रंग शोषून पसरवतात.

दुसरं म्हणजे नातेवाइकांना नाही म्हणू नकोस, बसवून घे. "आत्या, रविवारी ये ना, तुझ्या भाचीसाठी आपण दोघी मिळून करू." एक तर येणार नाहीत, म्हणजे प्रश्न मिटला. आणि आल्या तर दोन तासांनी एक फूल गुंडाळून मान अवघडून घरी जातील आणि परत टाइमपास हा शब्द काढणार नाहीत. आणि १५० का? कार्डाला किती वेळ लागतो ते तू लिहिलं नाहीस, पण तीन तास लागत असतील तर तू तासाला ५० रुपये लावतेयस आणि त्यातच कागद. वाढव गं.

प्रश्न : पुरुष आहे, वय ४२, आयटीत आहे. मला गोधडी शिवायला शिकायचंय पण घरचे हसतात.
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : हसू देत. तुमच्या गल्लीतला शिंपी बापई नाही का? त्याला कोणी हसत नाही. सुरुवात मोठ्या गोधडीने करू नका, आसन करा, दोन फूट बाय दोन फूट, तीन थर, जुने सुती शर्ट कापून. अंगुस्तान घ्या, नाहीतर बोटाची चाळण होईल. शिकायला तुमच्याच ओळखीत कोणी मावशी निघतील, त्यांना तासाचे पैसे द्या, फुकट शिकू नका.

प्रश्न : आईने शिवलेली तीस वर्षांपूर्वीची गोधडी आहे, काही ठिकाणी विरलीय, वास येतो. वॉशिंग मशीनला लावू का? ड्रायक्लीन?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मशीन अजिबात नको. गोधडी पाणी पिऊन प्रचंड जड होते आणि ड्रममध्ये आपटली की कापड राहतं पण जुना दोरा तुटतो, मग थर सुटतात. आधी उन्हात, फार कडक नाही, सकाळच्या, दोन दिवस दोन्ही बाजूंनी घाला, बरेचदा वास तेवढ्यानेच जातो. तरी राहिला तर पांढरा ओला रुमाल लाल आणि काळ्या ठिगळांवर चोळून बघा, रंग उतरला तर घरी धुवायचं धाडस करू नका. नाही उतरला तर मोठ्या टबात साध्या पाण्यात रिठ्याचं पाणी घालून अर्धा तास भिजवा, हाताने दाबा, घासू नका, पिळू तर नकाच. दोघांनी मिळून चादरीत धरून उचला. एका दोरीवर टांगू नका, स्वतःच्या वजनानेच फाटेल, खाटेवर नाहीतर गच्चीत चटईवर पसरून वाळवा. ड्रायक्लीनवाल्याकडे न दिलेलीच बरी.

विरलेल्या जागी जुनं ठिगळ काढू नका, त्याच्यावरच मऊ सुती कापडाचं नवं ठिगळ ठेवून धावदोरा घाला, आधीच्या ओळींना समांतर. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या धोतरात गुंडाळा, कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून वर ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, कारण एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की कापड नेमकं तिथेच चिरतं.